लाल फडक्यातली सीडी

२००६ साली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, अठरा हजार रुपयांचा करार झाला. जागा लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याचं, ऑफिस. हजर चौघे होते: जिनिंगचे मालक, ज्यांना आम्ही शेठजी म्हणत असू, त्यांच्याकडे तेव्हा चौदा वर्षं हिशोब लिहीत आलेला मी, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, ज्याच्याशी करार व्हायचा होता, आणि महागावच्या खरेदी केंद्राचे दिवाणजी, जे खरं तर पावतीपुस्तकं न्यायला आले होते आणि चहासाठी थांबले होते.

अठरातले नऊ हजार त्याच दिवशी रोख दिले. उरलेले नऊ दिवाळीनंतर द्यायचे ठरले. काम असं होतं: शेठजींची कापूस खरेदीची तीन ठिकाणं होती, लोहारा, राळेगाव आणि महागाव. प्रत्येक ठिकाणी फाटकावर एक, काट्यावर एक आणि ऑफिसात एक असे तीन जुने कॉम्प्युटर होते. फाटकावर गाडीचा नंबर टाकला की तो काट्यावर दिसावा, काट्यावरचं वजन ऑफिसात दिसावं आणि पैसे देताना कुणाला कागद घेऊन पळावं लागू नये. यासाठी मेव्हण्याने एक सीडी तयार करून द्यायची होती.

करारात पाच कलमं होती. पाचवं मी घातलं. नोंदी नष्ट होऊन खरेदीत नुकसान आलं तर ते करून देणाऱ्याने भरावं.

शेठजी हसले. "मुनीमजी, हे कायले? घरचा पोरगा हाय."

"घरचा आहे म्हणूनच," मी म्हणालो.

मेव्हण्याने वाचलं न वाचलं आणि सही केली. दिवाणजी बशीतून चहा पीत म्हणाले, "जवाईबापू असे असन तर सासरवाडीत पाणीबी मोजून भेटत असन." सगळे हसले. मीही हसलो.

आता त्या सीडीत काय होतं ते सांगतो. मी कॉम्प्युटरचा माणूस नाही. पण करार कागदावर येण्याआधीच, त्या पावसाळ्यापासून, तो माझ्याच घरी समोरच्या खोलीत राहून हे काम करत होता, आणि जे मला समजत नाही त्याचे पैसे द्यायला मी कुणाला सांगत नाही. म्हणून मी त्याला विचारत राहिलो.

त्याने मला सांगितलं ते असं. वेब सर्व्हर म्हणजे खिडकीवर बसलेला माणूस. कुणी येऊन पान मागितलं की तो पान देतो, एवढंच त्याचं काम. डेटाबेस म्हणजे मागचं गोदाम, सगळ्या नोंदी तिथं. खिडकीवरच्याला गोदामात जाता आलं नाही तर तो रोज तेच ते पान देणार. आज किती गाड्या आल्या ते त्याला सांगता येणार नाही. आणि त्या काळी हे दोघं वेगवेगळे यायचे. तयार मिळणाऱ्या सर्व्हरमध्ये गोदामाचं दार बरेचदा बंदच असायचं. ते उघडून घ्यायचं तर सगळा सर्व्हर मुळापासून पुन्हा बांधावा लागे. एकाची आवृत्ती दुसऱ्याला जुळली नाही की दोन्ही चालू, पण एकमेकांशी अबोला.

"मंग राळेगावचा कारकून हे कधी जुळवन भाऊजी?" तो म्हणाला. "त्याच्यासाठी सगळं एकाच गाठोड्यात बांधून द्या लागते. सीडी टाकली, एक आकडा दाबला, झालं."

हे गाठोडं बांधणं म्हणजे पॅकेजिंग. त्यालाच तो काम म्हणत असे. बाकीचं, पानं वगैरे करणं, त्याच्या लेखी किरकोळ होतं.

तो पुण्याला दहा महिने नोकरी करून परत आला होता. त्याची आई, म्हणजे माझी सासू, राळेगावला एकटी. शेत मक्त्याने, म्हणजे खंडाने, दिलेलं. तो एकुलता एक मुलगा. पण आईसाठी आलो असं तो कधी म्हणाला नाही. म्हणायचा, "तिथं माह्यासारखे छप्पन्न हायेत. इथं मी एकलाच." त्या वर्षांत आमच्या भागातून शिकलेला मुलगा बाहेर जाई आणि त्यात कुणाला नवल वाटत नसे. कापसाचं गणित बिघडलं तसं गावातलं सगळंच सैल झालं होतं. कापडवाला, ट्रॅक्टरचं सामान विकणारा, शिकवणी घेणारा, सगळे म्हणत, इथं काय ठेवलंय. असं असताना एकजण उलट दिशेने आला होता. माझ्या बायकोला त्याचं फार होतं. शेजारणीला ती सांगे, "आमचा बाबू यवतमाळातच ऑफिस टाकून राह्यला." अजून टाकलं नव्हतं, पण लोहारा नाक्याजवळ एक गाळा त्याने बघून ठेवला होता, आणि नाक्यावरच्या रंगाऱ्याला पत्र्याची पाटी करायला सांगितली होती. या अठरा हजारांवर ते सगळं उभं राहणार होतं. त्याचा हिशोब मीच त्याला मांडून दिला होता: गाळ्याची अनामत, पाटी, फोनची जोडणी, आणि पहिल्या चार महिन्यांचा खर्च. बसत होतं. जेमतेम, पण बसत होतं.

बांधणीची अडचण विजेची. सगळा सर्व्हर डेटाबेससकट मुळापासून बांधायला त्याच्या मशीनवर साडेतीन तास लागत, आणि पॅकेज करताना अर्धं झालेलं चालत नाही, मधेच थांबलं की पुन्हा पहिल्यापासून. आमच्या आळीत भारनियमनामुळे सलग तीन तासांवर वीज टिकत नसे. दोन आठवडे तो रोज अडीच-तीन तासांपर्यंत जाई आणि पंखा थांबला की कपाळावर हात मारी. बायको स्वयंपाकघरातून विचारी, "झालं का रे?" तो म्हणे, "ताई, भाकर तव्यावर अन् चुल्हा इझला."

शेवटी मी शेठजींना विचारून रविवारी त्याला जिनिंगच्या ऑफिसात बसवायला लागलो. वसाहतीची लाइन वेगळी होती, रविवारी मशीनं बंद असत आणि वीज जात नसे. मी मीटरचे आकडे आधी आणि नंतर बघून ठेवले आणि युनिटचे पैसे गल्ल्यात भरले. शेठजींना ते कळल्यावर त्यांनी दोन्ही हात जोडले. "मुनीमजी, तुमी सरगात गेले तरी दारावर तिकीट मागसान."

तिसऱ्या रविवारी बांधणी पुरी झाली. त्याने ब्राउझर उघडून गाडी नंबर एक टाकला, दुसऱ्या कॉम्प्युटरपाशी गेला, आणि तिथं गाडी नंबर एक दिसला. एवढंच. पण तो खुर्चीत मागे टेकून बराच वेळ त्या एका आकड्याकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "भाऊजी, आता हे कुठंबी घाला."

घालून बघायला आम्ही महागावला गेलो तो दिवस मला आवडतो. त्याने मुद्दाम सीडी दिवाणजींच्या हाती दिली आणि स्वतः बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसला. त्यांना जमलं तर पॅकेज खरं, असं त्याचं म्हणणं. दिवाणजी साठीला टेकलेले, धोतर स्वच्छ, अक्षर छापल्यासारखं. आधी त्यांनी सीडीला हळदकुंकू लावलं. मी म्हटलं, चकतीला लावू नका, वाचणार नाही. तेव्हा त्यांनी ते पुसून खोक्याला लावलं. पडद्यावर मराठीत तीन ओळी आल्या: एक, घाला. दोन, काढा. तीन, तपासा. त्यांनी एक दाबला. तेवढ्यात मी एक चहा पिऊन आलो. मग त्यांनी खिडकीतून हाक मारली, "इंजिनेर साहेब! मले वाटलं लग्नाएवढा टाइम लागन. हे तं साक्षगंधाएवढंबी नाई!"

परतीच्या बसमध्ये मेव्हणा मला 'काढा' या दुसऱ्या ओळीबद्दल सांगत होता. बहुतेक लोक घालण्याचं बघतात, काढण्याचं कुणी बघत नाही. त्याचं पॅकेज असं होतं की काढलं की मागे एक फाईल राहत नाही. घर झाडून, सारवून परत द्यावं तसं. मला हे फार पटलं. आमच्या दोघांत तेवढं एक साम्य होतं.

दिवाळीच्या आधी त्याच्या लक्षात आलं की ओलाव्याची घट काढताना अर्धा किलो गळतो. कापूस ओला असला की क्विंटलमागे काही किलो कापायचे, ती घट. ओलावा फाटकावरचा माणूस यंत्राने बघे आणि थेट कॉम्प्युटरमध्ये टाकी. चिठ्ठीवर फक्त गाडीचा नंबर आणि वजन छापलं जाई. त्याने दुरुस्ती करून नवी सीडी बांधली आणि धनत्रयोदशीला एसटीच्या पार्सलने राळेगाव आणि महागावला पाठवली. जुन्यावरच नवी टाकायची होती. तसं त्याने लोहाऱ्यात चार वेळा करून बघितलं होतं. नोंदी जागेवर राहत होत्या.

राळेगावच्या कारकुनाने त्याच दिवशी टाकली. सगळं ठीक चाललं.

महागावच्या दिवाणजींनी टाकली नाही. ते लक्ष्मीपूजनाची वाट बघत राहिले. त्यांच्या हिशोबाने नवी सीडी म्हणजे नवी वही, आणि नवी वही कधी उघडायची हे त्यांना इंजिनिअरने सांगायची गरज नव्हती. चाळीस वर्षं ते लक्ष्मीपूजनाला जुनी वही गादीवरून उचलून लाल फडक्यात बांधत आले होते आणि मगच नवी ठेवत होते. जुनी उचलल्याशिवाय तिच्या जागी नवी ठेवत नाहीत. तेव्हा त्यांनी आधी जुनी उचलली. दोन दाबला. पडद्यावर 'काढले' असं आलं. मग नवी सीडी घातली, एक दाबला, पाटावर कॉम्प्युटरची पूजा केली, आणि जुनी सीडी, तिच्यात हंगामाच्या नोंदी आहेत अशा भरवशाने, लाल फडक्यात बांधून जुन्या वह्यांजवळ कपाटात ठेवली.

नोंदी सीडीत नव्हत्या. त्या कॉम्प्युटरमध्ये होत्या, आणि डेटाबेसचं गोदाम मेव्हण्याने सर्व्हरच्याच घरात ठेवलं होतं. घर सारवून परत दिलं तेव्हा गोदामही सारवलं गेलं.

दर शनिवारी संध्याकाळी महागावहून आठवड्याच्या नोंदींची फ्लॉपी लोहाऱ्याला येई. त्या शनिवारी लक्ष्मीपूजन होतं. फ्लॉपी निघाली नव्हती.

पाडव्याला सकाळी फोन आला. मीच घेतला. दिवाणजींचा आवाज नेहमीसारखाच शांत. "मुनीमजी, नव्या वहीत जुनी बाकी दिसून नाई राह्यली. कोणतं बटन दाबू?"

मी फोन मेव्हण्याला दिला. त्याने दोन प्रश्न विचारले. दुसऱ्याचं उत्तर ऐकून तो मोटरसायकलची किल्ली शोधायला लागला.

शेठजींकडे धनत्रयोदशीपासून पाडव्यापर्यंत गल्ल्यातून पैसा बाहेर जात नसे. ज्यांना दिवाळीआधी पैसे हवे ते आधी येऊन जात. घरात कापूस ठेवायला जागा नसलेले या दिवसांत गाडी खाली करून चिठ्ठी नेत आणि पाडव्याला मुहूर्तावर पैसे घ्यायला येत. अशा त्रेचाळीस गाड्या होत्या. आधीच्यांचे चुकारे रोकडवहीत होते, त्यांचं काही बिघडलं नव्हतं. या त्रेचाळीसांचं मात्र फक्त वजन चिठ्ठीवर होतं. ओलावा कुठंच नव्हता.

आम्ही मोटरसायकलने महागावला पोचलो तेव्हा आवारात लोक बसले होते. चिडलेलं कुणी नव्हतं. सणाचे दिवस, काही जणांनी फराळाचे डबे आणले होते. मेव्हणा कॉम्प्युटरशी बसला आणि नोंदी मिळतात का ते बघत राहिला. मिळणार नव्हत्या, हे त्याला माहीत होतं. मी फाटकावरच्या माणसाला विचारलं, कुणाचा ओलावा किती होता, काही आठवतं का?

"साहेब, मी हेडमास्तर हाओ काय पाठ ठेवाले?"

मग मी लोकांनाच विचारलं. पहिला म्हणाला, माझा कोरडा. दुसरा म्हणाला, माझाही. सहाव्या माणसापर्यंत सगळ्यांचा कोरडा निघाला तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "बापा! यंदा पाऊस महागावले सोडून पडला वाटते!" आणि आवारभर हसू उठलं. एक बाई तेवढी म्हणाली, "माहा वला होता, पण एकलीचा कायले काटता?" तिचं बरोबर होतं. एकटीचा कापणं न्यायाचं नव्हतं.

दिवाणजी हे सगळं दारात उभं राहून ऐकत होते. त्यांनी कपाटातून लाल फडकं आणलं, गाठ सोडली आणि ती सीडी मेव्हण्याच्या पुढ्यात ठेवली. "यात पाह्य ना बाप्पा. मी सांभाळून ठेवली. तिले हातबी नाई लावला."

मेव्हण्याने ती हातात घेतली. तो म्हणाला, "बरं केलं काका," आणि सीडी परत फडक्यात ठेवली. त्याच्या शहाणपणाची मला त्या क्षणी किंमत कळली नाही. मी तेव्हा आकडेमोड करत होतो.

शेठजींशी फोनवर बोलून त्रेचाळीस गाड्यांना पूर्ण वजनाचे पैसे दिले, घट न कापता. दुसरा मार्ग नव्हता. गाडीवान खूश होऊन गेले. एकूण माल चारशे सत्तर क्विंटल. राळेगावला त्याच दिवसांत सरासरी घट क्विंटलमागे दोन किलो बसली होती. म्हणजे नऊशे चाळीस किलो. भाव एकोणीसशे. नुकसान सतरा हजार आठशे साठ रुपये.

अठरा हजारांचं काम, सतरा हजार आठशे साठांचं नुकसान. आकडा निघाल्यावर मी दोनदा तपासला. चूक असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. सकाळी बायकोने त्याला ओवाळलं. त्याने ताटात एकशे एक रुपये टाकले. ती म्हणाली, "एवढे कायले रे? अकरा टाक." तो म्हणाला, "ताई, आज टाकू दे." मग आम्ही दोघं लोहाऱ्याला गेलो. शेठजी दुपारी थोडा वेळ येणार होते.

शेठजींनी सगळं ऐकून घेतलं आणि हात झटकला. "मुनीमजी, छोडो. दिवाळी हाय. पोरानं काम चांगलं केलं, राळेगावले चालून राह्यलं, इथंबी चालून राह्यलं. बुढ्याच्या डोक्यात काय येईन हे त्याले काय ठाऊक? अर्धे मी सोडतो, अर्धे पुढच्या कामातून वळते करू."

मेव्हणा माझ्याकडे बघत होता. मला वाटतं, त्याला माझ्याकडून फक्त मान हलवलेली हवी होती.

ऑफिसच्या उघड्या दारातून काटेवाला दिसत होता. अंगणात खराटा मारत होता. आदल्या वर्षी त्याच्या पाळीत सरकीची पोती कमी भरली, तेव्हा त्याच्या पगारातून साडेतीन हजार कापले गेले. कापायला मीच लावले. तोही म्हणाला होता, मला काय ठाऊक. शेठजी तेव्हाही सोडायला तयार होते आणि मी म्हणालो होतो की मग उद्या प्रत्येकाचं सोडावं लागेल. सहा महिने त्याचा पगार कमी गेला. पण तो कामावर आला, आणि रोज मला नमस्कार करत राहिला.

मी म्हणालो, "शेठजी, करार आहे."

"अरे, पण..."

"करार आहे," मेव्हणाच म्हणाला. आवाज साधा होता. "भाऊजी बरोबर बोलून राह्यले. उरलेले नऊ मले देऊ नका. वरचे आठ हजार आठशे साठ मी आणून देतो."

यावर माझ्याजवळ सांगण्यासारखं एवढंच आहे की आजही कुणी मला विचारलं, नियम एक असावा की दोन, तर मी एकच म्हणेन. काटेवाल्याला एक आणि मेव्हण्याला दुसरा, हे मला जमलं नसतं. पण नियम कुणासाठी होता ते मी विसरलो होतो असं वाटतं. शेठजी, ज्यांचं नुकसान झालं, तेच सोडत होते.

घरी मी त्याला म्हटलं, आठ हजार आठशे साठ मी देतो. तो म्हणाला, "करारावर सही माही हाय, तुमची नाई." बायको जेवायला वाढत होती. तिने मला वाढलं नाही, ताट नुसतं पुढे सरकवलं. "ते कलम फ्रेम करून लावा देवघरात," ती म्हणाली. "रोज फुलं वाहात जाईन."

त्याने आपलं मशीन विकलं, आर्णी रोडवरच्या एका कॉम्प्युटर क्लासला, साडेआठ हजारांना. वरचे तीनशे साठ त्याच्याजवळ होते. पैसे शेठजींच्या टेबलावर ठेवून त्याने पावती मागितली. मी फाडून दिली. त्याने ती घडी करून खिशात घातली, तेव्हा मला वाटलं, आता हा रागावेल, काही तरी बोलेल. तो म्हणाला, "भाऊजी, दोन रविवार ऑफिस भेटन का? तुमचं मशीन वापरतो. युनिट लिहून ठेवा."

दोन रविवार बसून त्याने तिसरी सीडी बांधली. या वेळी नोंदींचं गोदाम त्याने सर्व्हरच्या घराबाहेर नेलं, वेगळ्या जागी. सर्व्हर काढला तरी नोंदींना धक्का लागू नये अशी व्यवस्था केली. 'काढा' ही ओळ मात्र त्याने काढून टाकली नाही. मी विचारलं, ही ठेवतोस कशाला, हिनेच घात केला. तो म्हणाला, "दिवाणजी दर दिवाळीले दाबनच. त्यायच्या वहीले वही राहू द्या. आपलं गाठोडं तसं बांधलं पाह्यजे." या सीडीचे पैसे करारात नव्हते, म्हणून त्याने मागितले नाहीत. शेठजी देत होते. मी मध्ये बोललो नाही. या वेळी त्यानेच घेतले नाहीत.

तिन्ही ठिकाणी स्वतः जाऊन ती सीडी टाकली आणि डिसेंबरात तो पुण्याला गेला. जुन्याच कंपनीत, आधीपेक्षा कमी पगारावर. एसटी स्टँडवर बायको आणि मी होतो. त्याने माझ्या पायाला हात लावला, आणि बसमध्ये चढताना म्हणाला, "राळेगावले आईचं लाइटचं बिल तेवढं पाहात जा भाऊजी." मी पाहात गेलो. चार वर्षं. मग तो आईलाही घेऊन गेला. घर बंद करून किल्ली माझ्याकडे दिली. ती अजून माझ्याकडेच आहे.

ते पॅकेज सहा हंगाम चाललं. एकदाही कुणाला हात लावावा लागला नाही. महागावला दर लक्ष्मीपूजनाला दिवाणजी दोन दाबत, मग एक दाबत, सीडी लाल फडक्यात बांधत आणि पुन्हा सोडत. पहिल्या वर्षी पाडव्याला त्यांचा मुद्दाम फोन आला होता. "मुनीमजी, पोराले सांगजा, वही उचलली तरी बाकी जागच्या जागी हाय." मी पुण्याला फोन करून सांगितलं. पलीकडून थोडं हसू आलं. मग तो म्हणाला, चांगलं झालं. ऑफिसात होता, जास्त बोलता आलं नाही. पुढे जिनिंग दुसऱ्याने घेतली, नवे कॉम्प्युटर आले, कुठल्या तरी मोठ्या कंपनीचं तयार काम आलं. दिवाणजी त्याच्या आधीच वारले होते.

तो गेल्यावर जानेवारीत, संक्रांतीच्या आसपास, नाक्यावरचा रंगारी घरी आला. सायकलच्या मागे वर्तमानपत्रात गुंडाळलेली पत्र्याची पाटी बांधलेली. मेव्हण्याने पहिल्या नऊ हजारांतून भरलेल्या अनामतीतला एक महिना कापून गाळेवाल्याने बाकी परत केली होती. पाटीचं कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. रंगारी म्हणाला, "साहेब, दिवाळीपासून पडून हाय. दुसऱ्या कोणाच्या कामाची नाई, नाव टाकेल हाय."

बायकोने कागद सोडला. निळ्यावर पांढरी अक्षरं, खाली 'लोहारा, यवतमाळ'. तिने ते बोटाने एकदा पुसल्यासारखं केलं. मग आत गेली.

रंगाऱ्याने साडेतीनशे सांगितले होते. तीनशेही चालतील म्हणाला, बिनकामाचीच आहे. मी साडेतीनशे दिले, मोजून, त्याच्या हातात.